जावयाच्या गाडीचं पुढचं चाक

मोटारसायकलवरून पडणं ही गोष्ट मी फारशी वाईट मानत नाही. पडायला वय लागत नाही आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर त्यासाठी वेगळी मेहनतही घ्यावी लागत नाही. वाईट असतं ते जावयाच्या मोटारसायकलवरून पडणं. त्यातही धोंड्याच्या महिन्यात. आणि त्यातही अशा जावयाच्या, ज्याच्याशी आपण दोन वर्षांत धड चार वाक्यं बोललेलो नाही.

आमच्या स्वरालीनं दोन वर्षांपूर्वी गोकुळशी लग्न केलं. गोकुळ कन्नडकडचा. घरची आल्याची शेती, शिवाय गावात ठिबकचं दुकान. मुलगा चांगला आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं आणि त्यामुळं राग जास्तच आला होता, कारण नाव ठेवायला जागा नव्हती. लग्न मी ठरवलेलं नव्हतं, पत्रिका मी बघितलेली नव्हती. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला त्याच्या सहीशिवाय एखादं प्रकरण परस्पर पुढं गेलेलं सहन होत नाही. लग्नाला मी हजर होतो, अक्षताही टाकल्या. पण त्यानंतर मी त्याला कशानंही हाक मारली नाही. ‘गोकुळ’ म्हणावं तर सलगी होते, ‘जावईबापू’ म्हणावं तर मंजुरी दिल्यासारखं होतं. अगदी बोलणं भागच पडलं तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणायचो, “चहा झाला वाटतं.” तोही कॅलेंडरकडं बघून म्हणायचा, “व्हय, झाला.” आमच्या घरातलं ते कॅलेंडर जितकं बघितलं गेलंय तितकं छापणाऱ्यानंही बघितलं नसेल.

यंदा अधिक महिना आला आणि आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे उमानं, मला समोर बसवून सांगितलं, “गेल्या दिवाळीत तुम्ही डोकं दुखतंय म्हणून आतच बसलात. पोरगी डोळे पुसत गेली. आता धोंड्याला दोघं येतायत. सोमवारी जेवण आहे. तुम्ही जावयाचे पाय धुवायचे, टॉवेल-टोपी द्यायची, वाण द्यायचं, आणि तोंड सरळ ठेवायचं. या वेळी काही बिघडलं तर ती पुन्हा हा उंबरा चढणार नाही. आणि तिच्यामागं मीही कन्नडला जाऊन राहीन.”

उमा धमकी देत नाही, फक्त आगाऊ कळवते.

गुरुवारी संध्याकाळी दोघं आले ते गोकुळच्या नव्या मोटारसायकलवर. ती मोटारसायकल नव्हतीच, जनावर होतं. तारांची चाकं, टायरला बोटभर उंचीचे दात, आणि सीट इतकी वर, की बसायला स्टूल लागावं. आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत अशी गाडी आल्यावर लोक जमले नसते तरच नवल. गोकुळनं एकेकाला मागं बसवून फेरी मारून आणली. शेजारचा सुदर्शन बसला. समोरचे सखाराम वाणी बसले, ज्यांचं महिन्यापूर्वीच मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय. एवढंच काय, पासष्ट वर्षांच्या आवडाबाईसुद्धा पदर खोचून बसल्या आणि परत आल्यावर “अजून एक” म्हणाल्या. मी खिडकीत पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण उमा वेगळं सांगते.

शुक्रवारी पहाटे स्वरालीला नाशिकला ट्रेनिंगला जायचं होतं, गोकुळ तिच्यासोबत जाणार होता. ऊन फार म्हणून ते एसटीनं निघाले आणि गाडी आमच्या पोर्चमध्ये राहिली. किल्ली खिळ्याला अडकवताना गोकुळ स्वरालीला हळूच म्हणाला, “बाबांना सांग, गाडी हलवू नका म्हणावं. लई जड हाय, अंगावर येईल.”

मी आतल्या खोलीत होतो. मला सगळं ऐकू येतं.

अंगावर येईल! ज्या माणसानं तीस वर्षं हातानं गिअर टाकायची स्कूटर चालवली, तीही बायको, मुलगी, गॅसचं सिलिंडर आणि एकदा तर शिलाई मशीन घेऊन, त्याच्या अंगावर गाडी येईल? उमा अनारशांचे तांदूळ निवडत स्वयंपाकघरात बसली होती. मी खिळ्यावरची किल्ली काढली. फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, असं मी स्वतःशी ठरवलं होतं.

इथं एक तांत्रिक बाब नमूद करतो. गाडी सुरू करणं सोपं असतं, चालवणंही जमतं. थांबवून वळवणं मात्र फार कठीण. कोपरा आला. वळायचं तर वेग कमी करून पाय टेकावा लागणार होता, आणि माझा पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हता. म्हणून मी सरळ गेलो. पुढच्या चौकात मोठी जागा असेल म्हणून तिथंही सरळ गेलो. बीड बायपासवर मागून सिमेंटची गाडी भोंगा वाजवत आली, तेव्हा वळण्याचा विचारच सोडून दिला. अशा रीतीनं, केवळ थांबता येत नाही म्हणून, मी देवळाईच्या पुढं गेलो. डांबर संपलं. मुरूम लागला, मग मुरूमही संपला आणि डोंगराची पायवाट सुरू झाली. समोर दहा-पंधरा शेळ्या आडव्या आल्या. स्कूटरच्या सवयीनं मी डाव्या हाताची मूठ पिळून गिअर कमी करायला गेलो. मोटारसायकलला तिथं गिअर नसतो. मग मी बाभळीत गेलो.

पडलो असं म्हणणार नाही. गाडी आडवी झाली आणि मी तिच्यासोबत राहिलो.

शेळ्यांमागून एक बाई आली. गोजरबाई नाव तिचं, हे नंतर कळलं. कमरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

“ओ काका, उतरायचं व्हतं तर बिरेक मारायचा ना!”

“मी मुद्दामच…” मी म्हणालो.

“गाडी तुमची नाय वाटतं.”

“घरचीच आहे.”

“व्हय, दिसतंय की,” असं म्हणून तिनं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं गाडी उभी केली. माझं कोपर सोललं होतं, गुडघा ठणकत होता. पण गाडीला ओरखडा नव्हता. मी देवाचे आभार मानत होतो, तेवढ्यात पुढच्या चाकातून बारीक ‘सूं’ असा आवाज यायला लागला.

बायपासच्या कडेला कडुलिंबाच्या झाडाखाली कडुबाचं पंक्चरचं दुकान आहे. तिथपर्यंत मी ती गाडी अडीच किलोमीटर ढकलत नेली. वाटेत अकरा जणांनी “पेट्रोल संपलं का काका?” असं विचारलं आणि मी अकराही जणांना हो म्हणालो. कडुबा पन्नाशीचा, कानात हिरवी बाळी, बोलायला मोकळा.

“कुठं गेल्ते काका? बाभळीतनं आणली वाटतं.”

“छे! बायपासवर खिळा लागला.”

कडुबानं टायर उतरवलं, चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बोटभर लांबीचा बाभळीचा काटा होता, बुडाशी अजून ओली साल.

“लई हिरवा खिळा हाय,” तो म्हणाला. पुढं काही विचारलं नाही. असल्या माणसांमुळंच हे जग चाललंय.

घरी आलो. उमानं दार उघडलं, माझं कोपर बघितलं, मग गाडी बघितली आणि म्हणाली, “पडलात.” प्रश्न नव्हताच तो. मी म्हटलं, पंक्चर काढलंय, आता कुणाला काही कळणार नाही. ती हळद आणायला आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, “माझी गोधडीची सुई बघितली का कुठं?” लेकीसाठी ती जुन्या साड्यांची गोधडी शिवत होती आणि त्या जाड सुईचा शोध आमच्याकडं दिवसातून तीनदा चालतो. सुई नेहमी तिच्याच पदराला खोचलेली सापडते. आत्ताही सापडली. नवरा बाभळीतून उठून आलाय आणि बाई सुई शोधतेय, हे मनाला लागलं.

संध्याकाळी चाक पुन्हा बसलं होतं.

आमच्या गल्लीत टायर बसलेलं आधी शेजाऱ्यांना कळतं आणि मग मालकाला. मालक तर मीही नव्हतो. सखाराम म्हणाले, व्हॉल्व्ह गेला असेल, थुंकी लावून बघा. लावली. बुडबुडा आला नाही. मग ते म्हणाले, उन्हात हवा फुगते आणि रात्री आकसते, काही करू नका. हा सल्ला मला पटला होता, पण सकाळी चाक आणखी बसलेलं होतं. मग ते म्हणाले, “कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. तिथं मशिनीवर बघतात.”

कडुबाकडची हवा भरली की चाक तासभर टिकायचं. शनिवारी सकाळी हवा भरून, गाडी ढकलत, घाम पुसत मी जालना रोडवरच्या एका सर्व्हिस सेंटरला पोचलो. आत गार हवा, काचेची टेबलं, आणि टेबलामागं प्रेरणा नावाची हसतमुख मुलगी. तिनं गाडीचा नंबर टाकला.

“सर, ओनरच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय. सांगता का?”

“तो न सांगता नाही का चालणार?”

“नाही सर. ओटीपीशिवाय जॉबकार्ड उघडतच नाही. ओनर सर कुठे आहेत?”

“नाशिकला.”

“तुम्ही त्यांचे कोण?”

आता बघा. दोन वर्षांत हा शब्द मी कुणासमोर उच्चारला नव्हता. कचेरीत नाही, गल्लीत नाही, लग्नातसुद्धा नाही. आणि तो उच्चारावा लागला कुठं, तर ऑईलच्या डब्यांसमोर.

“सासरा,” मी म्हणालो.

प्रेरणानं पडद्यावर बोट फिरवलं. “नात्याच्या यादीत सासरा नाहीये सर. वडील आहे, भाऊ आहे, ड्रायव्हर आहे… मी ‘इतर’ टाकते.”

मी गाडी घेऊन बाहेर आलो. आयुष्यभर मी लोकांचे अर्ज ‘इतर’ या रकान्यात ढकलत आलो. स्वतः त्यात जाऊन पडलो की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं. घामामुळं ते कुणाला दिसलं नाही.

ओटीपीचं मी मनातून काढून टाकलं. हल्ली लोकांना इतके मेसेज येतात, बघतंय कोण?

संध्याकाळी सुदर्शन आला. हा चिकलठाण्याला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. वय पस्तीस, शर्टाच्या खिशात नेहमी तीन पेनं. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, “काका, तुम्ही पंक्चर काढताय, कारण काढत नाहीये. आमच्याकडे एक बोल्ट जरी हुकला तरी आम्ही पाच वेळा ‘का’ विचारतो. पाचव्या ‘का’ला खरं कारण हाताला लागतं.” आणि त्यानं चक्क घरून छापील फॉर्म आणला.

पण आधी ट्यूब पाण्यात बुडवून बघायला हवी होती. आता पाणी! आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. ते यायला अजून दोन दिवस होते आणि उमा पिंपावर राखण करत बसली होती. बादलीभर मागितलं असतं तर तिनं मलाच त्यात बुडवलं असतं. नेमकी ती आवडाबाईंकडं पुरणाची चाळणी आणायला गेली. देवघरापाशी तांब्याचं घंगाळ होतं. सोमवारी जावयाचे पाय धुण्यासाठी तिनं ते चिंचेनं घासून आरशासारखं केलं होतं आणि आयत्या वेळी धावपळ नको म्हणून भरून, झाकून ठेवलं होतं. सुदर्शननं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. त्यानं घरून पाने आणून चाक खोललं, आणि ट्यूब त्या घंगाळात होती.

बुडबुडे आले! कडुबाच्या ठिगळापासून चार बोटांवर. सुदर्शननं टायरच्या आत हात फिरवला आणि ओरडला. बाभळीचा दुसरा काटा, मोडलेला, आत तसाच होता. कडुबानं एक काटा काढला आणि दुसरा राहू दिला. त्याला दोष देत नाही. माझ्या ‘खिळ्या’वर विश्वास ठेवला असता तर त्यानं एकही शोधला नसता.

“आता फॉर्म,” असं म्हणून सुदर्शननं हात पुसले. कशाला पुसले हे मी उशिरा बघितलं. गुलमंडीवरून आणलेला पांढराशुभ्र टॉवेल होता तो, जावयाला द्यायच्या टॉवेल-टोपीतला. त्यावर पाचही बोटांचा काळा ठसा स्वच्छ उमटला होता.

“का नंबर एक. टायर का बसलं?”

“ट्यूबला भोक पडलं.”

“भोक का पडलं?”

“काटा गेला.”

“काटा का गेला?”

“गाडी बाभळीत गेली.”

“का गेली?”

इथं मी लेखी मसुद्यावर हरकत घेतली. त्यानं ‘चालकाला गाडी झेपली नाही’ असं लिहिलं होतं. मी म्हणालो, ‘रस्ता अनुकूल नव्हता’ असं लिहा. तो म्हणाला, काका, रस्ता नव्हताच. बरीच चर्चा होऊन ‘चालक अननुभवी होता’ यावर आम्ही तडजोड केली.

“का नंबर पाच. अननुभवी चालकानं दुसऱ्याची गाडी नेलीच का?”

सुदर्शन पेन धरून वाट बघत राहिला. त्यांना तसं शिकवलेलं असतं. शेवटी मी उत्तर दिलं. ते काय होतं ते इथं सांगत नाही, ते खाजगी होतं. सुदर्शननं ते लिहिलं, माझी सही घेतली, आणि माझ्याकडं न बघता फॉर्मची घडी घातली. तो कागद फाडून टाक, असं मी त्याला सांगितलं. तो ‘हो’ म्हणाला. क्वालिटीवाला माणूस कागद फाडत नाही, हे मला कळायला हवं होतं. मीही कधी फाडला नव्हता.

घंगाळाला आतून काळं कडं आलं होतं. उमा चाळणी घेऊन परत आली, तिनं घंगाळ बघितलं, टॉवेल बघितला, आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “तुम्हाला तो यायलाच नको आहे ना?” एवढंच म्हणाली.

“तसं नाही गं,” मी म्हणालो. कसं आहे ते मला सांगता आलं नाही. रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी कडुबानं दुसरं ठिगळ लावलं, आत चार वेळा हात फिरवला, आणि चाक टणक झालं. दुपारपर्यंत बसलं नाही. संध्याकाळपर्यंत बसलं नाही. मी दर अर्ध्या तासानं अंगठ्यानं दाबून बघत होतो. तेवढ्यात आवडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, “भाऊ, दोनदा चाक बसतंय म्हंजी हे काट्याचं काम नाय. नजर लागली गाडीला. मीच लई बघितलं तिच्याकडं. लिंबू-मिरची बांधा आन् एक लिंबू चाकाखाली चिरडा.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आदल्या दिवशीच्या घंगाळानंतर मी उमाला कशालाही नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हतो. तिनं सात मिरच्या आणि एक लिंबू ओवून हँडलला बांधलं. दुसरं लिंबूही ओवायला घेतलं होतं, पण दोरा संपला म्हणून ते तसंच पुढच्या चाकाखाली ठेवलं. तिच्या सांगण्यावरून मी अत्यंत गांभीर्यानं गाडी त्यावरून पुढं ढकलली. लिंबू चिरडलं. आवडाबाईंनी नमस्कार केला.

सोमवारी सकाळी उमा विचारत होती, “अहो, माझी गोधडीची सुई बघितली का?” मी लक्ष दिलं नाही. पदराला असेल.

साडेअकराला लेक-जावई आले. पाटावर बसले. मी धोतर नेसून घंगाळापुढं गेलो. काळं कडं उमानं कितीही घासलं तरी पूर्ण गेलं नव्हतं. मी वाकलो, आणि माझा दुखरा गुडघा तिथंच अडकला. खाली बसलो, पण उठता येईना. गोकुळच्या पायांवर पाणी घातलं. ते पाय शेतातले होते, टाचांना भेगा होत्या. माझ्या कोपराची पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर होती. तो पट्टीकडं, मग कड्याकडं बघत राहिला, आणि त्यानं दोन्ही हातांनी मला दंडाला धरून उठवलं. टॉवेल दिला. त्यानं उलगडला. काळा पंजा. त्यानं तो शांतपणे घडी घालून मांडीवर ठेवला. स्वरालीनं तोंडात पदर कोंबला होता. रडतेय की हसतेय ते कळेना.

पुरणाचे धोंडे, तूप, अनारसे. जेवण पार पडलं. चार वाजता दोघं निघायला बाहेर आले, आणि गोकुळ थबकला.

पुढचं चाक पार जमिनीला टेकलं होतं.

अख्खी गल्ली बघत होती. मी म्हणालो, “ते… उन्हामुळं हवा… नाहीतर बाभळीचा काटा…”

गोकुळ उकिडवा बसला. टायरवरून तळहात फिरवत गेला. एका जागी थांबला, नखानं काहीतरी पकडलं आणि हळूच ओढलं. इंच-दीड इंच लांब, जाड, चकचकीत. शेपटाला दोऱ्याचा तुकडा आणि लिंबाची एक बी.

“बाबा,” तो म्हणाला, “बाभळीला शिवणकाम कधीपास्नं यायला लागलं?”

“अगंबाई, माझी सुई!” उमा म्हणाली.

आवडाबाई घरात गेल्या.

मी तोंड उघडणार तेवढ्यात गोकुळच म्हणाला, “राहू द्या बाबा. शनिवारीच सव्वाअकराला ओटीपी आला मला. मी स्वरालीला म्हणलं, बाबा पडले वाटतं, फोन लाव. ती म्हणली, गप बस, त्यांना लई लागेल. पायाला नाय, मनाला.”

मग तो उठला आणि किल्लीनं सीट उघडली. सीटखाली ठिगळं, सोल्यूशन, पाने, हातपंप, सगळं होतं. अख्खं दुकान! त्यावर बसून मी दुकान शोधत फिरत होतो. पण त्या सगळ्याच्या वर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद होता. मी सुदर्शनकडं बघितलं. तो पुटपुटला, “काका, रेकॉर्ड मशिनपाशीच ठेवायचा नियम आहे. सीटच्या फटीतून आत सरकवला.”

गोकुळ वाचायला लागला. पहिल्या तीन उत्तरांना तो हसला. चौथ्याला तर खळखळून हसला. मग पाचव्यापाशी आला आणि त्याचं हसू थांबलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं नाही, पण माझ्याकडं कागद धरला, आणि माझंच वाक्य मला सुदर्शनच्या सुवाच्य अक्षरात दिसलं:

‘कारण त्यानं सगळ्या गल्लीला मागं बसवून फिरवलं. मला विचारलं नाही.’

मला वाटलं, बाभळीतच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

“बाबा,” गोकुळ खाली बघून म्हणाला, “आवडामावशीला विचारायची हिंमत झाली माझी. तुम्हाला नाय झाली. तुम्ही नाय म्हणला असता तर मला परत यायला तोंड राह्यलं नसतं.”

वीस मिनिटांत त्यानं पंक्चर काढलं. माझ्या तीन दिवसांचं काम त्यानं वीस मिनिटांत केलं, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही, हे नमूद करतो. काळ्या पंजाच्या टॉवेलला त्यानं हात पुसले, त्यामुळं तिथं आता दोन पंजे झाले. मग गाडी सुरू केली, आणि स्वराली बसायला पुढं झाली तशी तिला हातानं थांबवलं.

“चला बाबा. मागं बसा.”

उमा लिंबू घेऊन धावत आली. “लिंबू नको!” असं आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

स्टुलावर चढून मी बसलो. हात कुठं ठेवायचे हा प्रश्न होता. शेवटी त्याच्या खांद्यावर ठेवले. खांदा टणक होता. “कुठं पडला ते दाखवा,” तो म्हणाला. मी दाखवत गेलो. बायपास, देवळाई, मुरूम. डोंगराच्या पायथ्याशी गोजरबाई शेळ्यांमागं होतीच. “आज मागं बसवलं व्हय? बेस केलं!” ती ओरडली. तेवढ्यात समोर एवढा मोठा खड्डा आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

“जावईबापू, हळू!”

त्यानं गाडीच थांबवली. पाय टेकून मागं वळला.

“काय म्हणला बाबा?”

“हळू म्हणालो.”

“त्याच्या आधी?”

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बाभळी होत्या, शेळ्या होत्या, डोंगर होता. कॅलेंडर कुठंच नव्हतं. मग त्याच्या तोंडाकडं बघूनच मला ते पुन्हा म्हणावं लागलं.